कमी हवेतला उजेड

धाराशिवच्या त्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेला लागून एक चिंचोळी खोली आहे. खिडकीला काळं कापड ठोकलेलं, दाराला आतून जाड काळा पडदा. बाहेर उन्हानं डांबर पातळ झालेलं असलं तरी आत आपलाच हात आपल्याला दिसत नाही. त्या खोलीत दैवशालानं तो उजेड पहिल्यांदा पाहिला आणि तिच्या हातातला चिमटा फरशीवर पडला.

टेबलावर नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा होता. त्यावर तिनंच वाढवलेला झिंक ऑक्साइडचा थर, खडूची पूड सांडावी तसा पांढरट. तिनं अतिनील दिवा लावला आणि तो पांढरट थर हिरवा पेटला. पानाचा हिरवा नव्हे. खोल पाण्यात पडलेल्या काचेच्या बांगडीवर वरून ऊन यावं तसा, थंड, आतून येणारा.

असं का होतं हे तिनं कितीतरी शोधनिबंधांत वाचलं होतं. तरीही तिनं दिवा बंद केला, पडदा सारून बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या आईनं अशाच उजेडाबद्दल तिला सांगितलं होतं. फार वर्षांपूर्वी, दातखीळ सुटल्यावर.

दैवशाला मूळची त्याच जिल्ह्यातल्या वाशीजवळच्या एका खेड्यातली. घरची शेती. वडील बलभीम आता नाहीत. आई द्वारकाबाई अजून गावातच राहते. एम. एस्सी. झाल्यावर दैवशाला धाराशिवला तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. नवरा इंद्रजित येरमाळ्याच्या शाळेत मास्तर, रोज बसनं ये-जा करणारा. शिकवता शिकवता तिनं चारुशीला मॅडमच्या हाताखाली पीएच. डी. सुरू केली. मॅडम तुळजापूरच्या, शिक्षकांच्या घरातल्या, बोलायला तुटक पण कामाला पक्क्या. विषय ठरला तो असा, की झिंक ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म तारा वाढवायच्या, आणि वाढतानाची परिस्थिती बदलली की त्यांचं रूप आणि त्यांचा उजेड कसा बदलतो ते बघायचं.

काम ऐकायला अवघड, करायला नुसत्या चिकाटीचं. लांब नळीसारखी भट्टी. तिच्या मधोमध सिरॅमिकच्या चिमुकल्या होडीत जस्ताची भुकटी, पुढं थोड्या थोड्या अंतरावर सिलिकॉनचे तुकडे. पंप लावून आतली हवा ओढून काढायची, मग आर्गॉन सोडायचा आणि त्याच्यासोबत मोजून मापून ऑक्सिजन. भट्टी तापली की जस्ताची वाफ होते, वाटेत ऑक्सिजनला भेटते आणि तुकड्यांवर बसते. बसते म्हणजे वाढते. केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या जाडीच्या तारा, कुरणातल्या गवतासारख्या दाट. जिथं ताव जास्त तिथं आखूड जाड खांब, लांबवर थंडाव्याकडं बारीक तारा. वाफ एकदम जास्त झाली की फणीला दात यावेत तसं काहीतरी. कधी चार टोकांचे काटे, शेतातल्या सराट्यासारखे. भुकटी तीच, भट्टी तीच, पण ताव थोडा चढला किंवा वायू थोडा कमी आला की दुसरंच काही उगवायचं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालच्या फोटोसाठी तुकडे बाहेरगावी पाठवावे लागत, आणि फोटो आले की मॅडमसुद्धा खुर्ची ओढून बघत बसत.

उजेडाचं तर आणखी निराळं. नीट वाढलेल्या तारांचा उजेड जांभळ्याच्याही पलीकडं असतो. यंत्राला दिसतो, डोळ्याला जवळजवळ नाहीच. चांगला तुकडा दिव्याखाली काळाच राहतो. डोळ्याला दिसतो तो आत उणीव राहिलेल्या तारांचा उजेड.

आणि दैवशालाचे तुकडे हिरवेच येत राहिले. तिनं ताव बदलून पाहिला, तुकड्यांच्या जागा बदलल्या, भुकटीची नवी बाटली उघडली. तारांचं रूप बदलायचं, खांबांच्या सुया व्हायच्या, पण काळ्या खोलीत गेलं की हिरवा तसाच.

"ऑक्सिजन कमी पडतोय," मॅडम उजेडाच्या आलेखावरचा हिरव्याजवळचा रुंद उंचवटा बघून म्हणाल्या. "निदान बहुतेक लोक तसं मानतात. कुणी म्हणतं तांब्याचा अंश असेल, कुणी म्हणतं जस्ताच्याच जागा रिकाम्या असतील. वाद आहे. पण तू आधी ऑक्सिजन बघ."

"सोडते ना मॅडम. मीटरवर बरोबर दिसतो."

"मीटरवर दिसतो. आत पोचतो का?"

दैवशालानं मान हलवली. ऑक्सिजन कमी पडतोय, हे तीन शब्द तिनं याआधी शेकडो वेळा वाचले होते. कुणाच्या तोंडून मोठ्यानं ऐकले ते पहिल्यांदाच. त्या दिवशी घरी जाईपर्यंत ते तिच्या कानात वाजत राहिले.

तिला एक थोरला भाऊ होता, रणधीर.

ती बारावीची परीक्षा देऊन घरी आली होती त्या उन्हाळ्यातली गोष्ट. विहिरीचं पाणी पार तळाला गेलं होतं आणि विजेचा तर पत्ताच नसायचा. जनावरांच्या पाण्यासाठी बलभीम आणि रणधीर यांनी शेजारच्या चौघांना हाताशी धरून डिझेलचं इंजन विहिरीच्या आतल्या टप्प्यावर उतरवलं. तेव्हा सगळेच तसं करायचे. सकाळपासून इंजन धडधडत होतं. धूर वर येता येता विहिरीतच घुटमळायचा.

द्वारकाबाईच्या अंगात ताप होता. म्हणून तिनं सुनेला, नीलम्माला, भाकरी घेऊन मळ्यात पाठवलं. नीलम्मा जळकोटकडची, कानडी वळणाच्या नावाची, लग्न होऊन वर्षही झालेलं नव्हतं. लिंबाखाली रणधीर जेवायला बसला आणि इंजनाचा आवाज बदलला. धाप लागल्यासारखा अडखळला आणि थांबला.

"डिझेल संपलं असंल," रणधीर म्हणाला. हात धुतले आणि तो पायऱ्या उतरला.

दैवशाला कठड्याशी बसली होती. तिला वरून सगळं दिसत होतं. त्यानं टप्प्यावर पोचून इंजनाचं हँडल एकदा फिरवलं. दुसऱ्यांदा फिरवायला गेला आणि हात अर्ध्यावर थांबला. मग तो इंजनाशेजारी खाली बसला. दमलेला माणूस बसतो तसा, गुडघ्यांवर डोकं टेकून.

"दादा!" तिनं हाक मारली.

त्यानं मान वर केली. तिच्याकडं बघितलं. हात थोडासा उचलला, थांब, आलोच, असं सांगावं तसा. आणि मग एका अंगाला कलंडला.

बलभीम उडीच घेणार होता. शेजारच्या शेतातल्या बिभीषणनं त्याला मागं ओढलं, स्वतःच्या कमरेला दोर बांधला आणि उतरला. निम्म्यात त्याचे पाय लटपटले, डोळे फिरले. वरच्यांनी त्याला कसाबसा खेचून घेतला म्हणून तो वाचला. रणधीरला वर काढायला त्यानंतर फार वेळ गेला. तोवर बायकांनी नीलम्माला धरून ठेवलं होतं. तिला कठड्याशी येऊ दिलं नाही.

विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड होते, साती आसरांचे, पाण्यातल्या देवतांचे. गावानं त्यांच्याकडं बोट दाखवलं. मग कुणीतरी बोललं की नीलम्मा त्या दिवशी बाहेरची होती आणि तशीच हिरीवर गेली होती. तेवढं पुरलं. आसरांना विटाळ चालला नाही, त्यांनी माणूस नेला. द्वारकाबाई पोराच्या नावानं ऊर बडवत होती, आणि मधेच सुनेकडं बघून म्हणायची, "हिनं खाल्ला माझा लेक." तेराव्याला नीलम्माचे वडील आले आणि तिला घेऊन गेले. जाताना ती उंबऱ्याशी पाया पडायला वाकली. द्वारकाबाईनं पाय मागं घेतले.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला द्वारकाबाई एकटीच विहिरीवर गेली. तिला शोधत गेलेल्या माणसांनी उचलून आणलं. दातखीळ बसली होती. शुद्धीवर आल्यावर तिनं दैवशालाचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "खाली पाण्यात उजेड व्हता शाले. हिरवा. कुणी बसल्यावानी."

ती विहीर नंतर कुणी वापरली नाही. दैवशालानं तो उजेड कधी पाहिला नाही, पण पुढं कित्येक वर्षं डोळे मिटले की तो तिला दिसायचा.

बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तिनं एका वर्तमानपत्रात अशीच बातमी वाचली. विहिरीत इंजन, धूर, दोघे दगावले. डॉक्टरांनी कारणही दिलं होतं. त्या दिवशी तिला कळलं. सुट्टीत गावी गेल्यावर आईला सांगायचं ठरवून गेली, आणि सांगितलं नाही. आई अमावस्येचा दहीभात घेऊन विहिरीकडं निघाली होती. आसरांनी नेला म्हणजे तो कुठंतरी होता. त्यांच्यात बसलेला, खातोपितो असा. हवा संपली म्हणून गेला असं सांगितलं असतं, तर तो कुठंच राहिला नसता. दैवशालानं आईच्या हातातलं ताट धरलं आणि तीही सोबत गेली.

आता प्रयोगशाळेत तेच सगळं पुन्हा उभं राहिलं. भट्टीखालचा पंप सुरू असला की त्याचा आवाज तिला पंपाचा वाटेना. तो जरा जड झाला की तिचा श्वास आपोआप थांबायचा. भट्टीपलीकडं, सिलिंडर आणि भिंतीच्या मधल्या जागेत, कुणीतरी गुडघ्यांवर डोकं टेकून बसलंय असं तिला नजरेच्या कडेला दिसायचं. एकदा तिनं धीर करून मान वळवली. सिलिंडरला तिचाच पांढरा कोट अडकवला होता. तिला हसू आलं. दुसऱ्या दिवशी तिनं कोट अंगात घातला, भट्टी लावली, आणि काही वेळानं तिथं कुणीतरी बसलेलंच होतं. पुन्हा तिनं तिकडं बघितलं नाही.

घरी ती थंडीतसुद्धा खिडक्या उघड्या टाकायला लागली. इंद्रजित पांघरूण ओढून म्हणायचा, "अगं, गारठून मरू आपण."

"राहू दे उघडी. बंद खोलीत मला नाही झोप येत," ती म्हणायची. तो समजूतदार माणूस. उठून दुसरी गोधडी घ्यायचा. तिनं त्याला रणधीर विहिरीत गेला एवढंच सांगितलं होतं, बाकीचं नाही.

दोष सापडला तो साधाच. ऑक्सिजनच्या वाटेवर काचेच्या उभ्या नळीत एक छोटी गोळी असते. वायू वाहायला लागला की ती वर उचलली जाते, आणि ती कुठवर चढली त्यावरून वायू किती जातोय ते कळतं. मॅडमचं बोलणं मनात घेऊन दैवशालानं एके सकाळी सिलिंडर पूर्ण बंद केला आणि गोळीकडं बघत राहिली. गोळी खाली आली नाही. आत ओल जाऊन ती काचेला चिकटली होती, बहुधा पावसाळ्यापासून. मीटर ऑक्सिजन दाखवत होता आणि भट्टीत तो नावापुरताच जात होता.

मीटर साफ करून लावला आणि पुढचाच तुकडा काळ्या खोलीत काळा राहिला. यंत्रावर मात्र जांभळ्यापलीकडं एक उंच, अरुंद सुळका उभा राहिला. मॅडम म्हणाल्या, "आता खरं काम सुरू कर." मग त्यांनी आणखी एक सुचवलं. जुने हिरवे तुकडे टाकून देऊ नकोस, त्यांतले काही नुसत्या ऑक्सिजनमध्ये पुन्हा तापव, हिरवा किती उतरतो बघ. दैवशालानं तापवले. हिरवा उतरला. पूर्ण गेला नाही, पण राखेतल्या निखाऱ्यासारखा मंद झाला.

काम मार्गी लागलं होतं. पण भट्टीपलीकडची ती जागा काही रिकामी होईना.

संक्रांतीनंतर द्वारकाबाई रक्तदाब दाखवायला धाराशिवला आली. दवाखान्यातून परतताना दैवशालाला भट्टीतला तुकडा काढायचा होता, म्हणून ती आईला सोबतच कॉलेजात घेऊन गेली. रविवार होता, कुणी नव्हतं. द्वारकाबाई स्टुलावर बसून सगळीकडं बघत होती. लेक एवढी वर्षं काय करते ते तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"ह्या नळीत काय उगवतीस?"

"बारीक बारीक तारा, माय. डोळ्याला न दिसणाऱ्या."

"न दिसणाऱ्या उगवून काय करायच्या?" द्वारकाबाई हसली. "दाव की मला बी."

दैवशालाला नाही म्हणता आलं असतं. पण तिनं अतिनील उजेड डोळ्यांत जाऊ नये म्हणून आईला पिवळा चष्मा चढवला, हाताला धरून काळ्या खोलीत नेलं, टेबलावर तीन तुकडे मांडले आणि दिवा लावला. आपण असं का केलं, हे तिला पुढंही कधी नीट सांगता आलं नाही.

दैवशालाच्या मनगटावरची द्वारकाबाईची पकड आवळत गेली.

"हाच," ती शेवटी म्हणाली. "शाले, हाच उजेड व्हता."

"माय, हा ह्या तुकड्याचा हाय. म्या वाढवलाय ह्याला."

"असला उजेड कशाला वाढवलास तू?"

"मुद्दाम न्हाय वाढवला. वाढताना ह्याला हवा कमी पडली. आपल्याला जगायला हवेतलं जे लागतं, तेच ह्याला नीट वाढायला लागतं. ते कमी पडलं की आत जागा रिकाम्या राहतात. दिवा लावला की त्या अशा दिसतात."

"अन् हा काळा?"

"ह्याला हवा पुरली. उजेड ह्याचाबी हाय, पर तो आपल्या डोळ्याला दिसत न्हाय."

"अन् हा मधला?"

"हा आधी पहिल्यासारखाच हिरवा व्हता. मागनं ऑक्सिजन दिऊन तापवला. आता उलीसाच उरलाय बघ."

द्वारकाबाई त्या मधल्या तुकड्याकडं वाकून बघत राहिली.

"मागनं दिली तरी चालती व्हय हवा?"

"ह्याला चालती, माय. माणसाला न्हाय चालत."

दिवा मंद गुणगुणत होता. अंधारात आईचा चेहरा दिसत नव्हता, फक्त चष्म्याच्या काचांवर दोन हिरवे ठिपके.

"रणधीरला हवाच कमी पडली व्हती का?"

एवढी वर्षं दैवशाला ज्या प्रश्नाला टाळत आली तो आईनंच विचारला, आणि तोही एवढ्या हळू, की जणू तिला उत्तर आधीच ठाऊक होतं.

"व्हय माय. धुरानं हिरीतली हवा खाल्ली व्हती. इंजन का बंद पडलं मग? टाकीत डिझेल व्हतं, बाबांनी मागनं बघितलं व्हतं. इंजनालाच हवा भेटंना. अन् दादा नेमका तिथं उतरला."

"मग आसरा?"

"ते मला म्हाईत न्हाय. पर त्या टायमाला तिथं हवा नव्हती, हे म्हाईत हाय."

"अन् म्या बघितला तो उजेड?"

विहिरीच्या पाण्यात असा उजेड कशानं येईल, हे दैवशालानं कितीदा तरी मनाशी घोळवून पाहिलं होतं. "तेबी म्हाईत न्हाय," ती म्हणाली.

त्या रात्री द्वारकाबाई जेवली नाही. सकाळी दैवशाला चहा घेऊन गेली तर ती अंथरूण आवरून, लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली.

"नीलम्मा कुठं असती आता?" तिनं विचारलं.

नीलम्मा जळकोटजवळच्या एका गावात भावाकडंच होती. तिनं दुसरं लग्न केलं नव्हतं. भावाच्या घराच्या पडवीत शिवणाचं मशीन टाकून ती गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. दोघी मायलेकी तुळजापूरला बस बदलून तिथं पोचल्या तेव्हा ती मशीनवर वाकलेली होती. मान वर करून बघितलं आणि तिचा पाय मशीनवरच थांबला. केस पिकले होते, अंग वाळलं होतं, पण दैवशालानं तिला लगेच ओळखलं.

"या," ती म्हणाली. "आत्याबाई, लई वाळलात."

भावाच्या पोरीकडून पाणी मागवलं, घोंगडी टाकली. द्वारकाबाई घोंगडीच्या काठाचे धागे ओढत बसली. वाटेत तिनं काय काय बोलायचं ठरवलं होतं कोण जाणे. शेवटी दैवशालानंच सांगितलं. इंजन, धूर, हवा, सगळं. प्रयोगशाळेबद्दलही सांगितलं, थोडक्यात.

नीलम्मानं सगळं ऐकून घेतलं. मशीनवरचं कापड तिनं सारखं केलं, पुन्हा सारखं केलं.

"मग म्या इतकी वर्षं अमावस्या कुणासाठी धरली वन्सं?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, खरोखरच विचारत होती. "म्या हिरीजवळ जात न्हाय. भावाच्या मळ्यात बी न्हाय. पोरं पोहायला निघाली की म्या घरात शिरून दार लावते. मला वाटायचं, माझी सावली पडली तर अजून कुणीतरी जाईल."

"तुला म्याच धाडलं व्हतं भाकरी घिऊन," द्वारकाबाई म्हणाली. "अन् मागनं लोकांसंगं मीबी बोलले."

"व्हय," नीलम्मा म्हणाली. "तुमीच धाडलं व्हतं."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, नाही केलं असंही नाही. द्वारकाबाई पदर तोंडाला लावून रडायला लागली. नीलम्मा उठली नाही, पण तिनं नजरही वळवली नाही. सासूला रडू दिलं. मग दैवशालाकडं वळली.

"वन्सं, तुमी वर बसला व्हता. मला कुणी जवळ येऊ दिलं न्हाय. त्यांना लई तरास झाला का वो?"

हे दैवशालाला आजवर कुणी विचारलं नव्हतं. पोलिसांनी नाही, वडिलांनी नाही. दैवशालानं सांगितलं. हँडल एकदा फिरवलं, दुसऱ्यांदा जमलं नाही. खाली बसला. गुडघ्यांवर डोकं टेकलं. गळा धरला नाही, तडफड नाही, ओरडला नाही. हवा अशी संपते तेव्हा माणसाला बहुधा कळतही नाही, फक्त झोप येते. हाक मारली तेव्हा वर बघितलं. हात केला.

"हात केला?"

"व्हय. असा." दैवशालानं करून दाखवला.

नीलम्मानं तसाच हात उचलून पाहिला, स्वतःशीच, दोनदा. मग ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि हातात ताटं होती. तिघी जेवल्या. ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची भाजी. निघताना द्वारकाबाई म्हणाली, "घरी चल म्हनायला म्या आता कोण? पर कधी यावं वाटलं तर ये."

"बघते," नीलम्मा म्हणाली. अजून ती आलेली नाही.

दैवशालाचा प्रबंध उन्हाळ्यात पुरा झाला. चिकटलेल्या गोळीनं बिघडवलेल्या तुकड्यांचं मॅडमनी एक स्वतंत्र प्रकरणच करायला लावलं. ऑक्सिजन कमी असताना तारांचं रूप कसं बदलतं, हिरवा किती चढतो, मागून तापवल्यावर किती उतरतो. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न त्यावरच विचारले आणि तिनं सगळ्यांची उत्तरं दिली. भट्टीपलीकडच्या जागेत आता नवीन सिलिंडरांची चौकट बसवली आहे. तिथं कुणाला बसायला जागाच नाही. तरी भट्टी लावताना दैवशाला त्या बाजूला पाठ करत नाही.

द्वारकाबाई गावात अजूनही अमावस्येला दहीभात घेऊन विहिरीकडं जाते. पण एप्रिलमध्ये तिच्या भावकीतल्या एकानं इंजन विहिरीत उतरवायची तयारी चालवली, तेव्हा ती त्याच्या मळ्यात जाऊन कठड्यावर ठाण मांडून बसली. "इंजन वरच ऱ्हाऊ द्या, पाईप लांब आना," म्हणाली. "अन् इंजन बंद पडलं तर कुनी खाली उतरायचं न्हाय. हवा खाल्लेली असती." तो हसला, पण पाईप आणला. दैवशालाला हे गावातल्या एका पोरीकडून फोनवर कळलं. आईनं स्वतः सांगितलं नाही.

नीलम्माचा फोन अधूनमधून येतो. बोलायला फार काही नसतं. कुणाचे ब्लाऊज शिवले, भाचीची परीक्षा कशी गेली. मागच्या अमावस्येला दिवेलागणीच्या सुमाराला तिनं फोन केला.

"तुमी सांगितलेलं दिवसा पटतं वन्सं," ती म्हणाली. "हवा व्हती, संपली, त्यात माझं काय? समदं पटतं. अन् तिन्हीसांज झाली की न्हाय पटत."

दैवशाला खिडकीशी उभी होती. खाली रस्त्यावर दिवे लागत होते.

"माझंबी तसंच हाय, वहिनी," ती म्हणाली.

मग दोघी बराच वेळ फोन कानाला लावून तशाच राहिल्या, बाहेर पुरतं अंधारून येईपर्यंत.